मिशाळ पडला की मासे फुकट

मी, वेंडेल आर्थर प्रुइट, वय वर्षं त्र्याहत्तर, राहणार डायर्सबर्ग, टेनेसी, धंदा आधी पैलवानी व नंतर शाळेची बस चालवणं, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. उभ्या आयुष्यात माझ्या डोक्यात लोखंडी खुर्च्या बऱ्याच बसल्या, तरी डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही असं लिहायची रीत आहे, पण ते पूर्ण खरं नाही. माझी मुलगी डार्ला म्हणाली, "डॅडी, शनिवारी तुम्हाला रिंगमध्ये उतरायचंच असेल तर आधी वकिलाकडे जा. कागद नाही तर कुस्ती नाही." म्हणून हा कागद.

शनिवारी मी उतरणार आहे! हे खरं तर पुढच्या कलमात यायला हवं, पण पोटात मावत नाही. एकतीस वर्षांनी! आर्मरीच्या, म्हणजे गावच्या जुन्या शस्त्रागाराच्या, हॉलची सगळी तिकिटं संपली. काल किराणा दुकानात गल्ल्यावरच्या बाईने मला बघितलं आणि दुकान दणाणून ओरडली, "तळा त्याला!" मागच्या रांगेतल्या तिघांनी लगेच साथ दिली. माझ्या हातून अंड्यांचा खोका पडला, आणि मी भरून द्यायला लागलो तर ती म्हणाली, "राहू द्या हो, तुमच्या पायी आम्ही लहानपणी किती जेवलोय."

वकीलबाई पेगी थर्मंड यांचं म्हणणं असं की मृत्युपत्रात उद्गारचिन्हं घालत नाहीत. मी घालणार.

कलम पहिलं. याआधी केलेलं कोणतंही मृत्युपत्र मी रद्द करतो. केंटकीतल्या एका मोटेलात मी कागदी रुमालावर सगळी मालमत्ता एका कुत्रीच्या नावे केली होती असं काही लोक सांगतात. ती कुत्री कधीचीच वारली, तिचे वारस असल्यास त्यांचा हक्क नाही.

कलम दुसरं. राहतं घर, मागची शेड, ट्रक आणि बँकेत जे काही असेल ते सगळं डार्लाला. तिने माझ्या मोडलेल्या बरगड्यांना लहानपणापासून पट्ट्या बांधल्या, पुढे नर्स झाली ती काही उगाच नव्हे. एकच अट. शेडमधला फ्रीज फेकू नये. तो चालत नाही हे मला माहीत आहे.

कलम तिसरं. हवामानवाल्याचा कोट, छडी आणि भोंगा हे सामान गावच्या अग्निशमन दलाला.

याची हकिगत लिहायलाच हवी, नाहीतर अग्निशमन दल घ्यायचं नाही. मी माझ्या खऱ्या नावाने कुस्ती करायचो तेव्हा बरा होतो. मग ओडेल क्रेनशॉ नावाच्या मालकाने इकडचं कुस्तीचं दुकान विकत घेतलं आणि त्याला सोंगांचं वेड लागलं. प्रत्येक पैलवानाला काहीतरी सोंग हवंच. मला बोलावलं आणि म्हणाला, "वेंडेल, तू दुष्ट हवामानवाला. रिंगमध्ये येऊन सांगायचं की आज या गावाचा नाश होणार आहे. लोक चिडतील. मग आपण वादळाचा भोंगा वाजवायचा."

मी म्हटलं, "मालक, हे पश्चिम टेनेसी आहे. एप्रिल महिना आहे, खऱ्या चक्रीवादळांचा."

"तेच तर! अंगावर काटा येईल लोकांच्या."

भोंगा वाजला आणि पहिल्या रांगेतली म्हातारी शांतपणे उठली, पर्स घेतली आणि तळघराकडे चालू लागली. तिच्यामागे सगळा हॉल. इथल्या माणसाला भोंगा ऐकून काय करायचं हे शिकवावं लागत नाही. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. माझा प्रतिस्पर्धीसुद्धा गेला. रिंगमध्ये मी एकटा, हातात छडी, आणि भोंगा बंद कसा करायचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक पाऊण तास तळघरात बसले, मग परस्पर घरी गेले. क्रेनशॉ मला म्हणाला, "तुझ्यात धार नाही." भोंगा अजून उत्तम वाजतो, दलाने जपून वापरावा.

कलम चौथं. माशाचा पोशाख. यात खवल्यांचा अंगरखा, शेपूट, डोकं आणि चार मिशा येतात. पाचवी मिशी कोरिंथच्या सामन्यात दोरांत अडकून तुटली.

हे सोंग क्रेनशॉला एका जेवणाच्या ताटावर सुचलं. मिस इमोजीन यांचं कॅटफिशचं, म्हणजे नदीतल्या मिशावाल्या माशाचं, हॉटेल तेव्हा महामार्गावर नवीनच होतं, त्यांना जाहिरात हवी होती. क्रेनशॉने ठरवलं की मी व्हायचं 'मिसिसिपीचा मिशाळ', नदीतून आलेला भला मासा, गोरगरिबांचा कैवारी. माझ्यासमोर दुष्ट आचारी, 'कप्तान कढई', हातात खरीखुरी बिडाची कढई घेऊन. चांगला मासा, वाईट आचारी. इथपर्यंत पोरखेळ का असेना, चाललं असतं. पण क्रेनशॉने वर घोषणा केली की ज्या रात्री मिशाळ हरेल, त्या रात्री तिकीट दाखवणाऱ्या प्रत्येकाला मिस इमोजीनकडे एक ताट मासे फुकट. त्याचा हिशोब असा की लोकांना वाईट वाटेल, तर निदान तोंड गोड होईल.

हे असं डोकं! शनिवारची रात्र, आठवडाभर कारखान्यात राबलेली माणसं, सोबत चार-चार पोरं, आणि समोर त्यांचं जेवण शेपूट हलवत उभं. पहिल्याच रात्री मी रिंगमध्ये आलो आणि हॉलभर एकच आवाज उठला, "तळा त्याला! तळा त्याला!" कढई मारणाऱ्या दुष्टाला लोकांनी खांद्यावर घेतलं. मी जिंकणार म्हटलं की आयाबाया बूट फेकायच्या. क्रेनशॉला सोंग बदलायचं होतं, पण हॉल भरत होता. आमच्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मग मी हरतच राहिलो. पाच वर्षं दर शनिवारी हरलो. त्या पोशाखात मी कधी, एकदाही, जिंकलो नाही.

पोशाख माझी नात टेसा हिला. पण तो तिने कधीही अंगात घालायचा नाही. हे कलम मोडल्यास मी थडग्यातून उठून येईन.

कलम पाचवं. ओडेल क्रेनशॉ आता हयात नाही, तेव्हा त्याच्याविषयी भलंबुरं बोलणं बरं नाही असं डार्ला म्हणते. चार मिशांतली एक मिशी त्याच्या थडग्यावर ठेवावी. फुलं नकोत.

कलम सहावं, अंत्यविधीबाबत. मला पुरावं, दहन करू नये. ज्याने पाच वर्षं "तळा त्याला" ऐकलं त्याला जाळलं तर जमलेल्या लोकांना राहवणार नाही. विधीला येणाऱ्या प्रत्येकाला मिस इमोजीनकडे एक ताट कॅटफिश, मक्याच्या पिठाचे गोळे आणि कोबीची कोशिंबीर द्यावी. त्याचा खर्च माझ्या शिलकीतून व्हावा. नियम आहे तो आहे. मिशाळ पडला की मासे.

कलम सातवं. इथे मी हात पुसून घेतो.

हॉरेस गिलियम, राहणार पदुका, केंटकी, म्हणजेच कप्तान कढई, यास मी काहीही देत नाही. एक कारण कायद्याचं आहे. पेगीबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, आणि मी हॉरेसलाच साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. दुसरं कारण असं की देणं माझं नाही, त्याच्याकडूनच मला येणं आहे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेर बोलत नाहीत. कोण पडणार ते आधी ठरलेलं असतं. हा कागद मी गेल्यावर उघडायचा आहे, म्हणून लिहितो. पेगीबाईंनी आत्ताच वाचला, पण वकिलाला तोंड मिटून बसायचेच पैसे मिळतात. तर ठरलेलं असतं. पण त्याहून पक्की एक रीत असते. गाव सोडून मोठ्या ठिकाणी जाणारा पैलवान शेवटच्या रात्री, मागे राहणाऱ्यासमोर पाठ टेकून जातो. इथे कमावलेलं नाव इथेच कोणाच्या तरी अंगावर टाकून जायचं, सोबत न्यायचं नाही. चोर असो, दारुडा असो, ही रीत कोणी मोडत नाही.

हॉरेसला उत्तरेच्या मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. कसं आलं? मला तळून तळून आलं. शेवटची रात्र ठरली, आणि ठरलं की कप्तान कढई मिशाळासमोर पडणार. मी आठवडाभर झोपलो नाही. तेव्हा माझी बायको जिवंत होती, ती पहिल्या रांगेत नवा झगा घालून बसली होती. मी त्याला पाडलं, वर पडलो, पंचाने एक मोजलं, दोन मोजलं, तीनला सामना माझा. लोक ओरडत होते, "मासे! मासे!" आणि हॉरेसने खांदा उचलला. मग कढई उचलली. मग नेहमीचंच.

बाहेर ट्रकजवळ मी विचारलं, "का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "लोक उपाशी होते रे, वेंडेल."

तो गेला. पुढल्या शनिवारपासून जो येईल तो मला पाडू लागला, आणि ज्या माशाला सगळेच पाडतात त्याला पाडून कोणाचं नाव होणार? चार महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. मी शाळेच्या बसच्या स्टिअरिंगवर बसलो. हॉरेसला मी माफ केलं आहे असं पास्टरना सांगितलं आहे. ते खोटं आहे.

कलम आठवं, आणि हेच खरं मृत्युपत्र.

माझी नात टेसा बावीस वर्षांची आहे आणि ती कुस्ती करते. नुसती करत नाही, माझ्या सगळ्या घराण्यात असं अंग कोणाचं नव्हतं. माझी उडी म्हणजे पोतं पडल्यासारखी, तिची बघताना मी श्वास घ्यायचा विसरतो. पण तिला कोणी ओळखत नाही. शनिवारच्या कार्यक्रमाचा मालक तरुण आहे, सभ्य आहे, आणि त्यालाही तोच रोग. गेल्या महिन्यात माझ्या ओसरीवर बसून गोड चहा पीत म्हणतो, "मिस्टर प्रुइट, मला एक झकास सुचलंय. टेसाला आपण करू छोटी मासोळी!"

टेसाचा चेहरा पडला. मग ती हसली, आणि ते हसू बघून मला जास्त वाईट वाटलं. "पॅपॉ, काम मिळतंय ना," ती म्हणाली. "शेपूट तर शेपूट."

त्याने शेपूट शिवायला टाकलंही आहे. निळं, चमकीचं.

त्या रात्री मी शेडमध्ये त्या बंद फ्रीजसमोर बसून होतो (पोशाख त्यातच ठेवतो, उंदीर लागत नाहीत) आणि एकदम उमगलं. तीस वर्षं ज्या सोंगाला मी शिव्या दिल्या, ते वाईट नव्हतं. उलटं लावलेलं होतं! मी सकाळी धावत मालकाकडे गेलो, म्हणजे गुडघा देतो तितकं धावत.

मी म्हटलं, "ऐका. आधी मिशाळ विरुद्ध कढई, एकतीस वर्षांनी. आणि मिशाळ जिंकतो."

"जिंकतो?" तो म्हणाला. "लोक हॉल पेटवतील! मासे मिळणार नाहीत ना!"

"तेच! हॉलभर भुकेली माणसं. जन्मात पहिल्यांदा मासा जिंकलाय, माजलाय, माइकवर म्हणतोय, आज सगळे उपाशी घरी जा. आणि तेवढ्यात मागच्या दारातून माझी नात येते. सोंग नाही, शेपूट नाही, साधे काळे कपडे. टेसा प्रुइट. आणि ती या माशाला चीत करते."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग हळूच म्हणाला, "ती त्यांचं जेवण परत आणते."

"तिला खांद्यावर घेतील, पोरा. तिचं नाव घेतील."

आमचं असं ठरलं की हॉलने तिचं नाव घेतलं तर ती पुढे स्वतःच्या नावाने लढेल, आणि नाही घेतलं तर निळं शेपूट तयार आहे.

तेव्हा मी लिहून ठेवतो की माझे दोन्ही खांदे, तीन मोजेपर्यंत गादीला टेकलेले, मी टेसाला देत आहे. मला कमावता आलेली मौल्यवान गोष्ट हीच. पण तिची किंमत शून्य आहे, जोवर हॉरेस आधी पडत नाही. कधीच न जिंकलेल्या माशाला तिने पाडलं तर लोक नेहमीसारखे "मासे! मासे!" ओरडतील आणि जेवायला जातील. तिचं नाव कोणाच्या तोंडात येणार नाही. कप्तान कढईला हरवलेल्या माशाला पाडलं, तर गोष्ट वेगळी.

मी हॉरेसला फोन केला. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, एक गुडघा बनावट, आवाज तसाच पिंपातून आल्यासारखा. मी सगळं समजावून सांगितलं.

"येतो मी," तो म्हणाला. "पडायचं मात्र बघू."

"बघू म्हणजे?"

"अरे माशा, मी आजवर कोणासमोर पडलो नाही इकडे. तिथले लोक मला अजून त्यासाठीच ओळखतात."

"मला कशासाठी ओळखतात ते माहीत आहे ना?"

त्याने फोन ठेवला. त्याला इथे सहीला बोलावलं आहे ते त्याने हे कलम माझ्यासमोर वाचावं म्हणून. वाचून तो उठून गेला तरी बाकीची कलमं कायम राहतील. हे एक मात्र रिकामं जाईल, आणि माझ्या पोरीच्या पोरीला शेपूट लागेल.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी वाचलं, समजलं, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. शनिवारी मला काही झालं तर कोणाला दोष देऊ नये. मी इतका खूश कधीच नव्हतो.

ठिकाण: पेगी थर्मंड यांची कचेरी, डायर्सबर्ग
तारीख: मंगळवार, १४ मे २०१९
सही: वेंडेल आर्थर प्रुइट

साक्षीदार: इमोजीन बेटस, हॉटेल मालकीण, वय अठ्ठ्याऐंशी
साक्षीदार: हॉरेस गिलियम

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच ठिकाणी.

वरील सह्या होताना आणि झाल्यावर जे घडलं ते मृत्युपत्राला जोडावं असा मी आग्रह धरला, आणि पेगीबाईंनी डोक्याला हात लावून कागद दिला.

हॉरेसने सातवं कलम दोनदा वाचलं. आठवं एकदाच वाचलं. चष्मा काढला. टेसा दाराशी उभी होती, तिच्याकडे बघून म्हणाला, "ही ती?"

"हो, सर," टेसा म्हणाली.

"शेपूट कसलं? निळं?"

"चमकीचं, सर."

त्याने "छे!" केलं, पेन उचललं, सही केली, पेन जागेवर ठेवलं. मग टेबलाला धरून एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि पेगीबाईंच्या कचेरीतल्या तपकिरी गालिच्यावर सरळ पाठीवर आडवा झाला. माझ्यासोबत आलेली डार्ला नाडी बघायला धावली.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "ए माशा, दिवसभर पडून राहू का इथे? ये. एकतीस वर्षांचं जुनं आहे, आज घे. शनिवारचं शनिवारी पुन्हा देईन."

मी खाली बसलो, त्याच्या छातीवर आडवा पडलो, त्याचा बरा पाय धरला. मिस इमोजीन खुर्चीतून वाकल्या आणि काठीने जमिनीवर मोजलं, एक. दोन. मी डोळे मिटले, कारण दोनच्या पुढे काय होतं ते मला माहीत होतं.

खांदा उठला नाही.

तीन!

टेसा किंचाळली, डार्ला रडली, पेगीबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी हात वर केला. कसा करायचा तेसुद्धा ठाऊक नव्हतं, आधी डावा केला, मग उजवा. मिस इमोजीन म्हणाल्या, "म्हणजे आज मासे नाहीत कोणाला," आणि डोळे पुसले.

सातव्या कलमातलं "ते खोटं आहे" हे वाक्य मी या पुरवणीने रद्द करतो.

सही: वेंडेल आर्थर प्रुइट, मिसिसिपीचा मिशाळ, विजयी
साक्षीदार: इमोजीन बेटस
साक्षीदार: हॉरेस गिलियम (सही गालिच्यावरून, पाठीवर पडून केली. गुडघ्यामुळे उठता येत नव्हतं, आणि तो म्हणाला घाई नाही.)